कॉट कुणाशेजारी टाकायची?

कॉलेज कोणतं मिळणार हे आपल्याकडे संगणक ठरवतो. सीईटीचे गुण, पसंतीक्रमाची लांबलचक यादी, कॅपच्या फेऱ्या, आणि मग एका संध्याकाळी पडद्यावर उमटलेलं नाव: आकुर्डी, निगडी, रावेत किंवा पिंपरी. राहायचं कुठे आणि कुणाबरोबर, हे मात्र संगणक सांगत नाही. लातूर, जळगाव, सांगलीहून आलेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील हा प्रश्न एक-दोन दिवसांत, बहुधा भर पावसात, उरकतात. खोली बघतात, पंखा लावून बघतात, गीझर चालतो का विचारतात, डिपॉझिटवर थोडी घासाघीस करतात. या गडबडीत एक गंमत कुणाच्या लक्षात येत नाही. कॉलेज वाटणं आणि खोल्या वाटणं ही दोन कामं वरवर सारखी दिसतात. पण पहिलं कोडं नेहमी सुटतं आणि दुसरं कधी कधी सुटूच शकत नाही. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे.

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकी गणितज्ञांनी एक छोटा लेख लिहिला. जेमतेम सात पानं, आकडेमोड जवळपास नाही, सगळा युक्तिवाद साध्या भाषेत. प्रश्न असा होता: मुलांच्या आवडीचा क्रम ठरलेला आहे, कॉलेजांचाही ठरलेला आहे, तर अशी वाटणी करता येईल का की नंतर कुठलाही विद्यार्थी आणि कुठलंही कॉलेज ‘आपण दोघं एकमेकांना मिळालो असतो तर दोघांचंही बरं झालं असतं’ असं म्हणू शकणार नाही? उत्तर आलं: हो, नेहमीच करता येते. शॅप्ली यांना पुढे २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच्या मुळाशी हा लेख होता. गेल तोवर हयात नव्हते.

पण त्याच लेखात त्यांनी जाता जाता एक शेजारचा प्रश्न काढला. इथे दोन गट नाहीत, एकच आहे. मुलं आहेत, आणि त्यांच्या जोड्या लावून दोघा-दोघांना एकेक खोली द्यायची आहे. लावता येतील का टिकाऊ जोड्या?

चार जण घ्या. एक सोलापूरचा, एक नांदेडचा, एक जळगावचा, एक रत्नागिरीचा. सोलापूरकराला नांदेडचा हवा आहे, नांदेडकराला जळगावचा, आणि जळगावकराला सोलापूरचा. रत्नागिरीकर घोरतो, म्हणून तिघांच्याही यादीत तो शेवटी. आता लावा जोड्या. समजा सोलापूर आणि रत्नागिरी एका खोलीत, नांदेड आणि जळगाव दुसऱ्या. सोलापूरकर घोरण्याला कंटाळून जळगावकराला म्हणतो, ये माझ्याकडे. जळगावकराला तर मुळात तोच हवा होता. दोघं एकत्र आले, रत्नागिरीकर गेला नांदेडकराच्या गळ्यात. आता नांदेडकर कंटाळतो, सोलापूरकराला हाक मारतो; सोलापूरकराची पहिली पसंती नांदेडच, तो लगेच उठतो. मग रत्नागिरीकर जळगावकराकडे. जळगावकर नांदेडकराला विनवतो, आणि नांदेडकराला जळगावच हवं होतं. फिरून आपण सुरुवातीच्या जोड्यांवर. हा फेरा कधीही थांबणार नाही. चारच मुलं, दोनच खोल्या, आणि तरी अशी एकही मांडणी नाही जी मोडावीशी कुणा दोघांना वाटणार नाही. १९८५ साली रॉबर्ट आयर्व्हिंग यांनी टिकाऊ जोड्या अस्तित्वात आहेत की नाहीत हे झटपट तपासायची रीत शोधून काढली. नसतील तर त्या निर्माण करायची रीत मात्र कुणाकडेच असू शकत नाही.

म्हणजे रेक्टरसाहेब प्रवेशाच्या क्रमानं किंवा शाखेनुसार नावं टाकून मोकळे होतात, त्यात त्यांचा आळस असेलही, पण गणित त्यांच्या बाजूनं आहे.

बरं, रूममेट कसा मिळतो यानं फरक किती पडतो? अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या खोल्या जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या जात. ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञानं त्याचा फायदा घेऊन २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी हुशार मुलं हुशारांशीच मैत्री करतात, त्यामुळे कुणाचा कुणावर परिणाम झाला हे कळत नाही. इथे नशिबानं जोड्या लावल्या होत्या, म्हणून परिणाम वेगळा काढता आला. निघालं असं की रूममेटचा गुणांवर परिणाम दिसतो, पण बेताचा. कुठल्या मंडळात सामील व्हायचं यावर तो चांगलाच दिसतो. आणि मुख्य विषय कोणता घ्यायचा, या निवडीवर दिसतच नाही. ‘टॉपरच्या खोलीत जागा मिळाली पाहिजे’ असा ध्यास घेणाऱ्या पालकांनी हे जरा मनावर घ्यावं.

त्याहून मार्मिक अभ्यास केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजातला, २००८ सालचा. तिथेही खोल्या नशिबानं मिळत. रूममेटनं घरून व्हिडिओ गेमचं यंत्र आणलेलं असेल तर मुलाचा रोजचा अभ्यास अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला आणि गुणही घसरले. खोलीत कोण आलं यापेक्षा त्यानं बरोबर काय आणलं, हे महत्त्वाचं ठरलं. तेव्हा होणाऱ्या रूममेटला बारावीचे मार्क विचारण्यापेक्षा ‘रात्री दहा ते बारा तू काय करतोस?’ असं विचारलेलं बरं. मोबाईल तर आता प्रत्येकाच्या हातात आहे. इअरफोन लावतोस का, हा उपप्रश्न.

पण मला सर्वांत थक्क करतो तो दारांचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटीमध्ये सैन्यातून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट वेस्ट नावाची वसाहत उभारली गेली. दुमजली इमारती, प्रत्येक मजल्यावर पाच घरं एका ओळीत. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या रहिवाशांना विचारलं, तुमचं जास्त येणंजाणं कुणाशी? १९५० साली पुस्तक आलं. एकाच मजल्यावरच्या, अगदी शेजारच्या घरांत मैत्री होण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं. एक घर सोडून पलीकडे गेलं की २२. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १०. सगळे एकाच वयाचे, एकाच शिक्षणाचे, एका हाकेच्या अंतरावरचे; तरी चार दारांनी मैत्री चौपटीनं घटली. आणि जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर ओळख जास्त, कारण वरचे लोक जाता-येता त्यांच्याच दारावरून जात. स्वभाव, आवडीनिवडी हे सगळं नंतर. आधी दार.

याचा अर्थ, फर्स्ट इयरच्या मुलानं खोली निवडली म्हणजे त्यानं नकळत मित्रही निवडले. जिन्याजवळची, पाण्याच्या कूलरजवळची खोली घेतली तर गोंगाट मिळेल आणि ओळखीही मिळतील. कॉरिडॉरच्या टोकाची शांत खोली आईवडिलांना फार आवडते. लाजाळू मुलाला ती महागात पडू शकते. यूजीसीच्या २००९ सालच्या रॅगिंगविरोधी नियमांत नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावं असं म्हटलं आहे, तेही याच दारांच्या हिशेबामुळे. हॉस्टेल बघायला गेल्यावर तो ब्लॉक खरोखर वेगळा आहे का, हे जिना चढून बघावं. माहितीपत्रकात सगळंच वेगळं असतं.

शेजारी कोण झोपतं याचं वजन महाराष्ट्राला एमआयटीच्या फार आधी कळलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम अशी वसतिगृहं उभी केली, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्या समारंभाला जाऊन आल्यावर अंघोळ करायला नकार दिला म्हणून एका मुलाला जैन बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं, असं चरित्रांत सांगितलं जातं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९२४ साली साताऱ्यात स्वतःचं वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव मिळालं. खोल्या वाटणं म्हणजे समाज घडवणं, हे भाऊरावांनी आकडेवारीशिवाय ओळखलं होतं.

आता पिंपरी-चिंचवडकडे या. हे शहर विद्यार्थ्यांसाठी वसलंच नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागून टेल्को, बजाज आणि असंख्य छोटी वर्कशॉपं. कामगारांनी राहायचं कुठे, या प्रश्नाला उत्तर म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. निगडी-आकुर्डीचे सेक्टर, सरळ रस्ते, छोटे प्लॉट आणि त्यावरची बैठी घरं ही त्याचीच देन. इंजिनिअरिंग कॉलेजं नंतर त्यात येऊन बसली: सेक्टर २६ मध्ये पीसीसीओई, सेक्टर २९ मध्ये डी. वाय. पाटील, दोन्ही आकुर्डी स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर. बैठ्या घरांवर मजले चढले, बाहेरून लोखंडी जिने लागले आणि वरच्या हॉलमध्ये कॉटबेसिसवर मुलं राहू लागली. कंपनीच्या पगारावर बांधलेल्या घराचा हप्ता किंवा निवृत्तीनंतरचा घरखर्च आता कॉटवर निघतो.

या घरांची एक मजा आहे. प्राधिकरणानं प्लॉट विकले नाहीत, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले. २०२१ साली प्राधिकरण विसर्जित झालं, पण पट्टा राहिला. म्हणजे तुमचे घरमालक काका स्वतः ९९ वर्षांचे भाडेकरू, आणि तुम्ही त्यांचे ११ महिन्यांचे.

हे अकरा महिने कुठून आले? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं. नोंदणीचा खर्च टाळायला देशभर अकरा महिन्यांची युक्ती रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं ती युक्ती निकालात काढली. इथे भाडेकरार कितीही मुदतीचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. खरी मेख पुढच्या पोटकलमात आहे: नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं. फ्लॅट चौघांत मिळून घेणाऱ्या मुलांनी हे कलम माहीत ठेवावं. वापरायची वेळ सहसा येत नाही, पण डिपॉझिट परत मागताना आवाजात थोडा दम येतो. जीएसटीचंही असंच. जून २०२४ मध्ये कौन्सिलनं शिफारस केली, त्यानुसार सलग किमान ९० दिवस राहणाऱ्याकडून महिना माणशी २०,००० रुपयांपर्यंत भाडं असेल तर त्यावर कर नाही. बिलावर तो लावलेला दिसला तर विचारायचं.

पैशाचाच विषय निघाला आहे तर आणखी एक आकडा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या सर्वांत वरच्या दराच्या शहरांत मुंबई-पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडचं नाव आहे: वर्षाला ६०,००० रुपये, त्यात जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. राहण्याचे पैसे बारानं भागले तर महिन्याला १,६६७ रुपये होतात. प्राधिकरणातल्या कुठल्याही मालकाला फोन करून हा आकडा सांगून बघावा. योजना चांगली आहे, पण हिशेब करणाऱ्यानं अलीकडे कॉट शोधलेली दिसत नाही.

झोपेचाही विचार खोली घेताना कुणी करत नाही. टिल रोनेबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिलं की पौगंडावस्थेत माणसाची झोपेची वेळ पुढे पुढे सरकते, विशीच्या आसपास ती सर्वांत उशिरावर पोचते आणि मग मागे यायला लागते. ‘कार्टं उशिरापर्यंत लोळतं’ यात कार्ट्याचा दोष निम्माच. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांतही लवकर उठणारे असतातच, आणि भांडणं बहुतेक तिथेच होतात: एकाला साडेदहाला दिवा मालवायचा असतो, दुसऱ्याची रात्र तेव्हा सुरू होते. स्वच्छता, पैसे, शाकाहार यांवर आधी बोलून घेणारी मुलं दिव्याबद्दल बोलत नाहीत.

याचं टोकाचं रूप बघायचं तर चाकणला जावं. रेल्वे नाही, पुणे-नाशिक रस्त्यावरची कोंडी रोजचीच, त्यामुळे तिथल्या कंपन्यांत काम करायचं तर आसपासच राहावं लागतं. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी ही एकेकाळची शेतीवाडीची गावं आता भाड्याच्या खोल्यांनी भरली आहेत. निगडीत तीन वर्षं काढलेला मुलगा शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिपसाठी इथे येतो आणि त्याला कळतं की इथे रूममेट शिफ्टवरून ठरतो. फर्स्ट शिफ्टवाला निघतो तेव्हा थर्डवाला येऊन आडवा होतो. तिघांपैकी कुणीच कुणाला नीट भेटत नाही, त्यामुळे दिव्यावरून भांडणंही होत नाहीत. झोप मात्र कुणाचीच पुरी होत नाही.

प्रवेश पावसाळ्यात होतात, याचाही एक परिणाम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खोली बघताना भिंतीची ओल दिसते आणि बुरशीचा वास येतो, पण उन्हाळा दिसत नाही. वरच्या मजल्याचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता खालच्या बाजूला उतरायला काही तास घेतो. म्हणून एप्रिलमध्ये अशी खोली दुपारपेक्षा रात्री नऊला जास्त भाजते, नेमकी परीक्षेच्या अभ्यासाच्या वेळी. पश्चिमेच्या भिंतीचंही तसंच, कारण तिच्यावर दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट पडतं. मोबाईलमध्ये होकायंत्र असतं. खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा बघायला काय हरकत आहे? वर स्लॅब आणि पश्चिमेला खिडकी असेल तर भाडं कमी करून मागायचं.

मेसबद्दल फार लिहीत नाही, तिच्यावर प्रत्येकाची स्वतंत्र कादंबरी असते. दोनच गोष्टी विचाराव्यात: खाडे धरता का आणि किती दिवस आधी सांगावं लागतं, आणि रविवारी दुपारच्या फीस्टनंतर संध्याकाळी मेस बंद असते का. बहुतेक ठिकाणी असते.

राहिलं पाणी. शहराला मुख्यतः पवना धरणाचं पाणी मिळतं. ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात, म्हणजे कॉलेजांच्या अगदी शेजारी. तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेनं शहराला दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. आता हिशेब करा. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण. एका बंगल्यात दहा मुलं म्हणजे रोज १,३५० लिटर, दोन दिवसांचे २,७००. गच्चीवर हजार लिटरची एकच सिंटेक्स असेल तर ती भरल्यापासून साधारण अठरा तासांत कोरडी पडणार आणि पुढचे तीस तास बादल्यांवर. खाली मोठी टाकी असेल आणि मोटर लावायला कुणी घरात असेल तर प्रश्न नाही. मालक सांगतील, ‘पाण्याचा काही त्रास नाही आपल्याकडे.’ ते खरंही असेल. पण खोली बघायला गेलात की खिडकीचा पडदा आणि कपाटाचा आरसा राहू द्या, आधी गच्चीवर जाऊन टाक्या मोजा, मग खाली येऊन कॉट मोजा. ही बेरीज-वजाबाकी मालकांसमोर केली तरी चालते. कंपनीत आयुष्य काढलेला माणूस असेल तर त्याला ती आवडण्याचीच शक्यता जास्त.